तोरणाखालचा दुसरा नंबर

जुन्या यंत्राची मनोभावे सेवा करणाऱ्या माणसाच्या अंतःकरणातले सहाही रिपू हळूहळू झिजत जातात. सगळ्यांत शेवटी मत्सर झिजतो, आणि मग हाताला उरतं ते केवळ ग्रीस.

हे वाक्य माझं आहे. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा चालते करणाऱ्या हौशी लोकांचा हैदराबादेत आमचा फोनवर एक गट आहे, त्यावर मी ते एका रविवारी सकाळी टाकलं. टाकण्याआधी शुद्धलेखन तपासलं. दुपारपर्यंत त्याला तीन अंगठे आले. त्यातला एक नारायणगुड्याच्या दंतवैद्यांचा होता, आणि ते पेशंटच्या तोंडात एक हात असताना दुसऱ्या हातानं दिसेल त्याला अंगठा देतात, त्यामुळे तो धरायचा नाही. माझ्या वाक्याच्या लगेच खाली गटातल्या, मूळच्या पुण्याच्या एका तरुणानं ग्रीसच्या डब्याचा फोटो टाकला. नुसता डबा. झाकण अर्धवट उघडं, त्यावर तिरपं ऊन. संध्याकाळपर्यंत डब्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. आमच्या अध्यक्षांनी खाली 'निःशब्द' असं लिहिलं. प्रत्यक्षात त्यांना हे आजवर एकदाही जमलेलं नाही.

ट्रॅक्टर माझा म्हणजे वडिलांचा. आमचं गाव जुन्या हैदराबाद संस्थानातलं. राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा गाव महाराष्ट्रात गेलं, आणि आमच्यातले काही नोकरीधंद्याच्या निमित्तानं हैदराबादेत राहिले. वडील गावीच होते. पूर्व युरोपातून आलेला एक दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर त्यांनी घेतला, पंचक्रोशीतला पहिला. तो त्यांनी नांगरटीसाठी घेतला असं ते सांगत. खरं कारण पोळा होतं.

पोळ्याला गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सजवलेले बैल वाजतगाजत त्याखालून जातात. कुणाचा बैल कितवा जायचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या गावी पहिला मान पाटलांच्या बैलाचा, दुसरा आमच्या बैलाचा. आजोबांच्या वेळी दुसरा, पणजोबांच्या वेळीही दुसरा. दुसरं असणं हे सातवं किंवा आठवं असण्यापेक्षा वाईट असतं. सातव्याला पाटलाच्या बैलाची शेपटी इतक्या जवळून बघावी लागत नाही.

वडिलांचा हिशेब असा की बैलांमध्ये आपण दुसरे असू, पण ट्रॅक्टरांमध्ये दुसरं कोणी नाहीच. त्या पोळ्याला त्यांनी ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटवर हळद-कुंकू लावलं आणि वेशीत सगळ्यांच्या पुढे नेऊन उभा केला. पाटील काठी टेकत आले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "याला शिंगं कुठं हायत?"

गाव हसलं. वडिलांनी ट्रॅक्टर मागे घेतला. त्यानंतर पोळ्याच्या दिवशी तो कधीही गोठ्याबाहेर निघाला नाही. तोरणाखालून तर नाहीच.

पुढे वाटण्या झाल्या. चुलतभावांच्या वाट्याला जमिनी आल्या, विहिरी आल्या. ट्रॅक्टर माझ्या वाट्याला आला, कारण तो बंद पडलेला होता आणि मी हैदराबादेत जामबागच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. दोन निरुपयोगी गोष्टी एकत्र ठेवल्या की जागा वाचते. निवृत्त झाल्यावर मी तो ट्रकवर घालून विद्यानगरला घरी आणला. आमच्या अंगणात एकच गाडी मावते. तेव्हापासून आमची कार रस्त्यावर उभी असते.

"लोक शेत घेतात, मग ट्रॅक्टर घेतात," असं बायको शेजारणीला सांगत होती. "आमच्याकडं उलटं आहे. शेत दिलं, ट्रॅक्टर ठेवून घेतला. आता पेरा म्हणावं फरशीत."

"चालू होतो का?" शेजारणीनं विचारलं.

"हौ, होतो की. रोज सकाळी भाषण चालू होतं, ट्रॅक्टर नाही."

हे अगदीच खोटं नव्हतं. हँडल मारताना मी स्वतःशी बोलतो.

गटात आलो ते सुट्या भागांच्या शोधात, आणि राहिलो ते त्या पुण्याच्या तरुणावर नजर ठेवायला. तो इथे पश्चिमेकडच्या काचेच्या इमारतींपैकी एकीत सॉफ्टवेअरची माणसं सांभाळतो. त्याच्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावलेला नाही; आजोबा पोस्टमास्तर होते, हे त्यानंच सांगितलं, आणि तेही अशा नम्रतेनं की गटाला गहिवरून आलं. त्यानं ट्रॅक्टर भंगारवाल्याकडून आणला. तो माझ्या ट्रॅक्टरचा जुळा भाऊ निघाला. तोच कारखाना, तेच मॉडेल. फरक एवढाच की माझ्याला इतिहास होता आणि त्याच्याला शेड होती.

त्या शेडचे फोटो मी फार पाहिले. भिंतीवर पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्या आकाराची रेघ काढलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तर त्याची सावली दिसावी. छतावरून सावली पडणार नाही असे दिवे. माझ्याकडे पाने बादलीत असतात. त्याच्या फोटोत रोज काहीतरी सुंदर घडत असे. आज रेडिएटरची जाळी, उद्या स्टिअरिंगचं चाक, परवा एक बोल्ट. मी ते फोटो दोन बोटांनी मोठे करून बघत असे. चूक शोधायला इतका वेळ मी कधी कुणाच्या प्रबंधावर घालवलेला नाही. सापडली की लगेच लिहीत असे: हा बोल्ट मूळचा नव्हे, वॉशर उलटा आहे, पाटीवरच्या अक्षरांची जाडी जास्त आहे. तो प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा, 'थँक्यू काका, बघतो.' पुढे जोडलेले हात. मग लोक त्या जोडलेल्या हातांनाच अंगठे द्यायचे.

मला गटात सगळे सर म्हणतात. हा एकटा काका म्हणतो.

मूळ रंग कोणता यावरून गटात महिनाभर वाद चालला होता. मी त्यावर टिपणं काढली होती. यानं बॅटरीखालचा पत्रा काढला, जिथे कधीच ऊन लागलेलं नव्हतं, आणि खाली जो निळसर राखाडी रंग निघाला त्याचा फोटो टाकला. वाद संपला. माझ्या ट्रॅक्टरचा रंग तपकिरी आहे. घराच्या दारांना देऊन उरलेला रंग वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याला फासला होता, आणि मला त्याची मनातून लाज वाटत असे. त्याचा फोटो बघून यानं लिहिलं, 'काका, हा कलर प्लीज काढू नका, ही खरी हिस्टरी आहे.' यावर अध्यक्षांनी लिहिलं, 'किती खोल विचार.' इतिहास मी छत्तीस वर्षं शिकवला. हे वाक्य मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही याचं दुःख वेगळं, पण त्याला सुचलं याचं दुःख फार निराळ्या जातीचं असतं.

मग तो घरी आला. मी बोलावलं नव्हतं. मी गटावर इतकंच लिहिलं होतं की इंजिन सगळं जुळलंय पण पेट घेत नाही. शनिवारी सकाळी तो दारात उभा. हातात हत्यारांची पेटी आणि बायकोसाठी पुण्याची बाकरवडी.

"काकू, तुम्हाला त्रास देतोय."

"त्रास कसला, या ना. हे गेले चार महिने त्रासच देतात, तुम्ही निदान बाकरवडी आणली."

तो ट्रॅक्टरखाली शिरला. इकडचा नट ढिला कर, तिकडचा घट्ट कर, असं करत त्यानं डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली. मीही काढत होतो, पण उलट्या टोकाकडून. मग उठला, हँडल लावलं आणि फिरवलं. पहिल्या फेरीत खोकला, दुसरीत काळा धूर, आणि तिसरीत माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर माझ्या अंगणात एका परक्या माणसाच्या हातून सुरू झाला. समोरच्या बाल्कनीतला कबुतरांचा थवा उडाला. शेजारीण बाहेर आली. बायकोनं चक्क टाळ्या वाजवल्या. चार महिने मी रोज तिच्यासमोर तो चालू करत होतो, तेव्हा ती पेपर वाचत असे.

मला आनंद झाला का? झाला. पण त्याचा हात हँडलवर आणि माझा कमरेवर होता, आणि आनंदाला हे दिसत होतं.

जेवायला तो थांबला. अंबाडीची भाजी त्यानं तीन वेळा मागून घेतली. "काकू, अशी भाजी पुण्यात नाही मिळत." तो गेल्यावर ती म्हणाली, "किती साधा मुलगा आहे हो."

"त्यात साधं काय?"

"भाजीला नाव ठेवलं नाही. वॉशर उलटा आहे म्हणाला नाही."

ती गट वाचते हे मला तेव्हा कळलं.

सुरू होतानाचा व्हिडिओ त्यानं घरी पोचायच्या आत गटावर टाकला होता. 'काकांचा ट्रॅक्टर जिवंत!' त्या दिवशी गटात जितके अंगठे पडले तितके आधी कधी पडले नव्हते. मी मोजले नाहीत, कारण ते त्याच्या नावाखाली होते. माझ्या ट्रॅक्टरचा पहिला श्वास त्याच्या खात्यात जमा झाला.

जाताना तो एक भेट ठेवून गेला होता: डिझेलच्या टाकीचं झाकण. आमच्या ट्रॅक्टरचं मूळ झाकण केव्हाच हरवलं होतं. वडिलांनी दूध पावडरच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं होतं, त्याला खिळ्यानं एक भोक पाडलं होतं आणि ते अजून तसंच होतं. यानं स्वतःसाठी लेथवर नवं झाकण करून घेतलं, तेव्हा माझ्यासाठीही एक करून घेतलं. त्या निळसर राखाडी रंगाचे तीन हात दिलेले. काचेसारखं चकचकीत. मी ते माझ्या ट्रॅक्टरला लावलं नाही. त्याचं काहीही माझ्या ट्रॅक्टरवर आणखी नको होतं. कपाटावर ठेवलं आणि रोज येता-जाता त्यात काय खोट आहे ते शोधू लागलो.

शेवटी सापडली. टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं एक भोक असावं लागतं. डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. नाही आली तर टाकीचा श्वास कोंडतो आणि थोड्या वेळानं इंजिनला डिझेल मिळेनासं होतं. या झाकणाला भोक पाडलेलं होतं, पण तीन हात रंगाखाली ते बुजून गेलं होतं. नखानं चाचपलं तर खळगासुद्धा लागत नव्हता. मी लगेच त्याच्या ट्रॅक्टरचे फोटो मोठे करून पाहिले. त्याचंही झाकण तसंच. गुळगुळीत. त्याचे सगळे व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचे असतात, म्हणून त्याला ते कधी कळलं नसणार.

इतका आनंद मला ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा झाला नव्हता. मी गटावर लिहिलं की भेट मिळालेल्या झाकणाला हवेचं भोक नाही, आणि दात्याच्या स्वतःच्या झाकणालाही ते दिसत नाही.

पहिलं उत्तर दंतवैद्यांचं आलं. 'सर, दान की गाय के दांत नक्को गिनो. वो मेरा काम है.' मग हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. अध्यक्षांनी लिहिलं, 'प्रोफेसरसाब, कृतज्ञता हाही एक संस्कार आहे.' आणि त्यानं लिहिलं, 'थँक्यू काका, बघतो.' जोडलेले हात.

बायकोनं फोन खाली ठेवला. "काय मिळालं?"

"खरं आहे ते."

"असेल. पण तुम्ही खरं असं बोलता की माणसाला खोटं आवडायला लागतं."

इथपर्यंत सगळं सहन करण्यासारखं होतं. मग अध्यक्षांनी पोळ्याची घोषणा केली.

अध्यक्ष म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे आमच्यासारखेच, जुन्या संस्थानातल्या मराठी शेतकरी घरातले. शहराबाहेर, बाहेरच्या रिंग रोडच्या पलीकडे त्यांची थोडी शेती आहे. गटानं त्यांना अध्यक्ष निवडलेलं नाही. ते एके दिवशी सहीखाली तसं लिहू लागले. त्यांची कल्पना अशी की आपल्या सगळ्या ट्रॅक्टरांचा त्यांच्या शेतावर पोळा भरवायचा. तेलुगू मंडळींनी त्यांचा नांगरणीचा सण, एरुवाक पौर्णिमा, सुचवला, पण ती ज्येष्ठात होऊन गेली होती आणि अध्यक्षांनी फेटा आधीच विकत घेतला होता. दोन कडुनिंबांमध्ये तोरण बांधायचं, त्याखालून ट्रॅक्टर ओळीनं न्यायचे, आणि सगळ्यांत पुढे मानाचा ट्रॅक्टर. तो कोणाचा असावा यावर सूचना मागवण्यात आल्या.

वेशीत मागे घेतलेला तो ट्रॅक्टर अजून तोरणाखालून गेलेला नव्हता. आता जाऊ शकत होता, आणि पहिला जाऊ शकत होता. इथे पाटील नव्हते. शिंगांचा प्रश्न कुणी काढणार नव्हतं. मी दोन दिवस खपून गटावर एक निवेदन लिहिलं: मान हा रूपाचा नसतो, परंपरेचा असतो, मानाचा बैल देखणा नव्हे, मानाच्या घरचा असावा लागतो, ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या पोळा पाहिला, त्या घरच्या ट्रॅक्टरला तो मान मिळणं हेच उचित.

पुण्याच्या तरुणानं काहीच लिहिलं नाही. फक्त ट्रॅक्टरचा एक फोटो टाकला, धुतल्यानंतरचा.

अध्यक्षांनी मला फोन केला. "प्रोफेसरसाब, तुमचं एकदम पटलं. मान घराचा असतो. अगदी बरोबर."

"मला वाटलंच."

"मग सांगा ना, गावी तुमच्या घरचा नंबर कितवा होता?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुरावा मागायची सवय आयुष्यभर इतरांना लावलेली असते, ती ऐन वेळी आपल्याच अंगावर येते.

"दुसरा," मी म्हणालो.

"मग झालं. दुसराच ठेवतो. परंपरा तुटायला नको." आणि त्यांनी समाधानानं फोन ठेवला.

पोळ्याच्या दिवशी मी ट्रॅक्टर ट्रकवरून उतरवला तेव्हा तोरण बांधून झालं होतं. आंब्याची पानं, मध्ये नारळ, आणि त्याखाली लाल गालिचा, म्हणजे बैलांनी कधी मागितला नसता असा. अध्यक्षांच्या फेट्याचा शेमला कमरेपर्यंत आला होता. माइक होता. ट्रॅक्टर या यंत्राचं भारतीय कुटुंबव्यवस्थेतलं स्थान या विषयावर ते बोलले. मला ते स्थान रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या कारवरून ठाऊक होतं. पुण्याच्या तरुणानं आपल्या ट्रॅक्टरला शिंगं लावून आणली होती. खरी नव्हेत, लाकडाची. सोनेरी मुलामा दिलेली, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना. त्याला आमच्या पाटलांची गोष्ट माहीत असणं शक्य नव्हतं. गटात मी ती कुणालाच सांगितलेली नव्हती.

बायको शेजारी उभी होती. तिला ती गोष्ट ठाऊक आहे. तिनं शिंगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या बॉनेटवरची धूळ हातानं पुसली.

इंजिनं सुरू झाली. त्याचा ट्रॅक्टर पुढे, माझा मागे. तीन पिढ्यांनी पाहिलेलं दृश्य मीही पाहू लागलो. शेपटीच्या जागी निळसर राखाडी रंगाचा अप्रतिम मडगार्ड होता. शेताला एक फेरी घालून मग तोरणाकडे यायचं होतं. फेरी पुरी झाली, त्याचा ट्रॅक्टर वळला, आणि गालिच्याला चाक लागायच्या आधी दोनदा गचके खाऊन बंद पडला.

त्यानं हँडल मारलं. पुन्हा मारलं. लोक जमले. कुणी फिल्टर म्हणालं, कुणी पंप. "डिझेल कालच काठोकाठ भरलंय," तो म्हणाला. त्याच्या मानेवर घाम आला होता. मी त्याला घामाघूम पहिल्यांदाच पाहत होतो. फोटोत तो कधी दिसत नाही.

मी माझ्या सीटवरूनच म्हणालो, "झाकण उघड."

"सर, आज तरी नको," दंतवैद्य म्हणाले. "आज सण है."

"अहो, टाकीचं झाकण..."

"प्रोफेसरसाब," अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले, त्यामुळे सगळ्या शेताला ऐकू गेलं, "दोष काढायची ही वेळ नव्हे."

आभाळ भरून येत होतं आणि पुरणपोळ्या वाढायला घेतल्या होत्या. अध्यक्षांनी फेटा सावरला आणि निर्णय दिला: मानाचा ट्रॅक्टर पहिला जाणार म्हणजे जाणारच, बंद असला तरी. त्याला ओढून न्या. मागचा कोण आहे?

मागचा मी होतो.

ओढायचं तर पुढे जावं लागतं, हे माझ्या लक्षात इतरांच्या आधी आलं. मी लगेच ट्रॅक्टर बाजूनं काढला आणि त्याच्या पुढे आणून लावला. माझ्या या तत्परतेचं कौतुक झालं. "देखो, दिल बडा है सर का," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. कुणीतरी मला एक साखळी दिली. जाड, नवीकोरी, तेल लावून पुसलेली. मी ती माझ्या मागच्या हुकाला अडकवली, दुसरं टोक त्याच्या पुढच्या हुकाला, आणि क्लच सोडला.

साखळी ताणली गेली. माझं पुढचं चाक गालिच्यावर चढलं. वर पाहिलं तर आंब्याची पानं माझ्या धुराच्या नळकांड्याला घासत होती, आणि त्यातलं एक तुटून बॉनेटवर पडलं, वडिलांनी दाराच्या रंगातून दिलेल्या त्या तपकिरी रंगावर. पुढे कुणीही नव्हतं. मोकळं शेत होतं. वेशीतून मागे आलेला ट्रॅक्टर इतक्या वर्षांनी पुढे आला होता, आणि त्याला दारांचा रंग होता, शिंगं नव्हती, आणि तो पहिला होता. डोळ्यांत पाणी आलं. धूर बराच होता.

मी थांबलो. अध्यक्ष नारळ आणि आरतीचं ताट घेऊन आले, माझ्या शेजारून गेले आणि मागच्या ट्रॅक्टरसमोर उभे राहिले.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "पहिला माझा गेला."

"कुठे गेला?"

"तोरणाखालून. सगळ्यांनी पाहिलं."

त्यांनी ताट क्षणभर थांबवलं. ते मूर्ख नाहीत, हे मला मान्य करावं लागतं. "प्रोफेसरसाब, गावी पाटलाचा बैल वेशीतून जायचा तेव्हा त्याची वेसण कोण धरायचं?"

"गडी."

"तो बैलाच्या पुढे चालायचा की मागे?"

"पुढे."

"मग मान गड्याचा का बैलाचा?"

परंपरेचा मुद्दा मीच काढला होता.

"साब, आप तो रस्सी हो गए," दंतवैद्य म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. मागे नारळ फुटला.

जेवणं झाल्यावर मी पुण्याच्या तरुणाला ट्रॅक्टरपाशी एकटा गाठला. "आता उघडतोस?"

त्यानं झाकण फिरवलं. टाकीनं मोठ्यानं हवा आत ओढून घेतली, बराच वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसानं ओढावी तशी. त्यानं झाकण तसंच ढिलं ठेवून हँडल मारलं. ट्रॅक्टर सुरू झाला.

तो झाकणाकडे बघत राहिला. "काका, तुम्ही सांगितलं होतंत."

"हो."

"मी वाचलंही होतं. मला वाटलं, तुम्ही आपलं... नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि मला पहिल्यांदाच तो थोडासा आवडला. ते फार टिकलं नाही. रात्री घरी पोचेपर्यंत त्यानं गटावर लिहून टाकलं होतं: आपण किती मूर्ख, तीन हात रंगाच्या मोहात भोक कसं बुजलं, काकांनी आधीच कसं सांगितलं होतं, आणि ऐकून घेणं किती अवघड असतं. सोबत झाकणाचा फोटो, तिरप्या उन्हातला. गटातल्या कुठल्याही लेखनाला इतके अंगठे आजवर मिळालेले नाहीत. अध्यक्ष पुन्हा निःशब्द झाले. त्याच्या चुकीची लोकप्रियता माझ्या अचूकपणाला आयुष्यात कधी लाभणार नाही.

गटाचं नवं चित्र म्हणून त्या दिवशीचाच फोटो लावला आहे. तोरण, नारळ, सोनेरी शिंगं, निळसर राखाडी ट्रॅक्टर. डाव्या कडेला, चौकटीत जेमतेम मावलेला, एक तपकिरी मडगार्ड.

"तो आपलाच ना?" बायकोनं विचारलं.

"अर्धा."

"पण पहिला गेला."

"ते कुठे नोंदलेलं नाही."

"तुमच्या वडिलांना नोंद कुठं पाहिजे होती? जायचं होतं फक्त." तिनं चष्मा काढला. "आता कार आत घ्या. कव्हर घालून तो बाहेर ठेवा की."

मी कार आत घेतली नाही. बॉनेटवर पडलेलं आंब्याचं पान मी जपून ठेवलं आहे. ते आता वाळून त्याच तपकिरी रंगाचं झालं आहे. पणजोबा, आजोबा, वडील आणि मी, अशा चार पिढ्यांमध्ये आमच्या घरची एखादी गोष्ट तोरणाखालून सगळ्यांच्या आधी गेली ती एकदाच, आणि ती त्या दिवशी, स्वतःच्या बळावर, मागच्याला ओढत गेली.

साखळी त्याची होती.